पदवी देण्याआधी त्यांना खाणीत उतरू द्या : खाण अभियांत्रिकीच्या विभागप्रमुखांना खुले पत्र

चंद्रपूर

सन्माननीय विभागप्रमुख आणि अभ्यास मंडळांचे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी घरी आली होती. मायनिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्पायरल बाइंडिंग केलेला ४२ पानांचा अहवाल तिने माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "काका, जमा करायच्या आधी एकदा नजर घाला ना." उन्हाळी प्रशिक्षणाचा अहवाल होता. मी चष्मा लावून बसलो. चौदाव्या पानावर खाणीतल्या हवेची आकृती होती : ताजी हवा कुठून आत येते, कोणकोणत्या गॅलऱ्यांतून, म्हणजे खाणीतल्या बोगद्यांतून, फिरते, रिटर्नमधून, म्हणजे वापरलेल्या हवेच्या परतीच्या वाटेने, मुख्य पंख्याकडे कशी जाते. ती आकृती मी ओळखली. त्या पंख्याचा आवाज मी ११ वर्षं ऐकला आहे आणि खाण बंद झाली तेव्हा तो थांबवण्याच्या कागदावर सही माझीच होती. आज तिथे पंखा नाही. चाणकाचं, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीचं, तोंड काँक्रीटने बंद केलेलं आहे आणि भोवती बाभळी माजल्या आहेत.

मी तिला विचारलं, "तू किती दिवस खाली होतीस?"

ती अहवालाकडे बघत म्हणाली, "एकच दिवस. पिट बॉटमपर्यंत, चाणकाच्या तळापर्यंत, नेलं आणि तिथूनच परत आणलं. बाकीचे दिवस वर ट्रेनिंग हॉलमध्ये. रिपोर्ट सगळ्यांचा तोच असतो काका, सीनियर देतात."

तिच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. हुशार मुलगी आहे. छत तोलणाऱ्या कोळशाच्या पिलरची ताकद काढायची सूत्रं तिला पाठ आहेत, कॉम्प्युटरवर खाणीचं मॉडेल करून तिने मला दाखवलं, त्यातलं निम्मं मला कळलं नाही. पण पुढच्या वर्षी ती पदवी घेऊन बाहेर पडेल आणि कुठल्या तरी खाणीत २०-२५ माणसांच्या जिवाची जबाबदारी तिच्या खांद्यावर येईल. ती खाण कशी दिसते, कशी वास मारते, कशी आवाज करते, हे तिला कोणी दाखवलेलं नाही. तिच्या कॉलेजचं नाव मी इथे घेत नाही. चूक एका कॉलेजची असती तर मी त्यांना फोन केला असता. गेल्या अनेक वर्षांत माझ्या हाताखाली आलेले बहुतेक पदवीधर असेच कोरे आले, म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना लिहितो आहे.

माझं मागणं एकच आहे. पदवी देण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने एक पूर्ण सत्र चालू खाणीत घालवावं, जमिनीखाली, पाळीवर. निदान ६० पाळ्या. त्यांना गुण असावेत आणि त्याशिवाय पदवी मिळू नये.

मी १९८८ साली पदवी घेतली. रॉक मेकॅनिक्समध्ये वर्गात पहिला होतो. आमच्याही वेळी उन्हाळी प्रशिक्षण होतं आणि आम्हीही त्यातले बरेच दिवस वरच काढले होते, म्हणजे हा रोग आजचा नाही. १९९० साली मी एका भूमिगत कोळसा खाणीत पाळीचा अधिकारी होतो. ब्लास्टिंग होऊन धूर निघून गेला होता. मी फेसवर, म्हणजे जिथे कोळसा तोडतात तिथे, पोहोचलो. छताला आधार देणारे रूफ बोल्ट सपोर्ट प्लॅनप्रमाणे लागले होते, मी अंतरं मोजली, वहीत लिहिली. गॅलरीची रुंदी ४.८ मीटरच्या आत होती. सगळं नियमात होतं. आमचा ड्रेसर, म्हणजे छत ठोकून सैल दगड पाडणारा, करीमनगरकडचा माणूस होता, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. त्याने सब्बलाने (पहारीने) छताला दोनदा ठोकलं, एक पाऊल मागे सरकला आणि माझ्याकडे बघितलं. बोलला काहीच नाही. ते बघणं हाच त्याचा अहवाल होता, हे मला समजायला हवं होतं. मी म्हणालो, "चला, ड्रिलिंग सुरू करा."

वीस-पंचवीस मिनिटांनी दोन बोल्टांच्या मधली एक शिळा खाली आली. छतात एक तिरकी स्लिप, म्हणजे खडकातली भेग, होती, गुळगुळीत, आरशासारखी. दिवा आडवा धरला असता तर ती रेघ दिसली असती. सब्बलाचा आवाज त्या ठिकाणी पोकळ येत होता, तोही मी ऐकला होता, पण तो पोकळ आहे हे ओळखण्याचा कान मला कोणी दिला नव्हता. बाकीचे बचावले. ड्रेसरचा पाय गुडघ्याखाली गेला.

बरा झाल्यावर त्याला वर लॅम्परूममध्ये काम दिलं. पुढची सहा वर्षं रोज सकाळी माझा हेल्मेटवरचा कॅप लॅम्प माझ्या हातात तोच द्यायचा. त्या दिवसाबद्दल तो मला कधी एका शब्दाने बोलला नाही. मीच एक दिवस त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, मला छत शिकवा. लॅम्परूमच्या बाकावर बसून त्याने मला तोंडाने आवाज काढून दाखवले : भक्कम छत कसं खणखणतं, थर सुटलेलं छत कसं ढबढबतं, आणि या दोहोंच्या मधला एक आवाज, जो सगळ्यांत वाईट, कारण तो नवख्याला भक्कमच वाटतो. दुसऱ्या दिवसापासून मी सब्बल घेऊन एकेका गॅलरीत ठोकत फिरलो. तेव्हा माझ्याकडे पदवी होती, आणि खाणीतल्या परीक्षेचं प्रमाणपत्रही होतं.

तुम्ही म्हणाल, हा अनुभव नोकरीत मिळतोच. पदवीनंतर प्रॅक्टिकल ट्रेनिंग असतं, गॅस टेस्टिंग आणि प्रथमोपचाराची प्रमाणपत्रं असतात, मग खाण सुरक्षा महानिदेशालयाची खाण व्यवस्थापकासाठीची सेकंड क्लास, फर्स्ट क्लासची परीक्षा असते. बरोबर आहे. पण हा अनुभव मिळेपर्यंत जी माणसं त्या पोराच्या हाताखाली असतात, त्यांनी काय करायचं? शिकण्याचा खर्च त्यांनी का भरायचा? डॉक्टर होणारा मुलगा पदवीच्या आधी रुग्णालयात राबतो, वॉर्डात उभा राहतो, आणि त्याच्या शेजारी कोणी तरी मोठा डॉक्टर असतो. खाणीतल्या पोराच्या शेजारी तेव्हा कोणी तरी असायला हवं, जेव्हा त्याच्या हातात अजून हुकूम द्यायचा अधिकार नसतो.

आणि खाली जे शिकायचं असतं ते वर शिकताच येत नाही, हे मला जरा सविस्तर सांगू द्या.

धनबादच्या संशोधकांनी आपल्या कोळसा खाणींच्या छतांसाठी जी गुणांकन पद्धत बसवली, ती तुम्ही सगळे शिकवता. थरांच्या जाडीला ३० गुण, भेगा-स्लिपांसारख्या रचनेला २५, खडक पाण्याने किती झिजतो त्याला २०, खडकाच्या ताकदीला १५ आणि पाण्याच्या झिरपण्याला १०. फार चांगली पद्धत आहे, मी आयुष्यभर वापरली आणि तिने माणसं वाचवली. पण हे गुण येतात कुठून ते बघा. ताकद आणि झीज, म्हणजे ३५ गुण, प्रयोगशाळेत मिळतात. थरांची जाडी गॅलरीत उघड्या पडलेल्या छतावर मोजावी लागते. स्लिपा कुठून कुठे जातात हे दिवा धरून, मान वर करून नकाशावर उतरवावं लागतं. पाणी किती झिरपतं हे छतात भोक पाडून, मिनिटाला किती येतं ते मोजून कळतं. म्हणजे १०० पैकी ६५ गुण जमिनीखाली आहेत. तुमचा विद्यार्थी परीक्षेत हे ६५ गुण प्रश्नपत्रिकेत छापलेले बघतो आणि बेरीज करतो. बेरजेचे त्याला पैकीच्या पैकी मिळतात.

आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा आपोआप तापणारा आहे. सोडून दिलेल्या भागात, गोफमध्ये, हवा झिरपत राहिली की तो आतल्या आत धुमसायला लागतो. मुलांना ग्रॅहमचं गुणोत्तर शिकवतात : किती प्राणवायू खर्च झाला आणि त्याच्या किती टक्के कार्बन मोनॉक्साइड तयार झाला. नमुना घ्यायचा, वर पाठवायचा, आकडा यायचा. पण नमुना नेमका कुठे घ्यायचा हे कोण सांगणार? आमच्या खाणीत एक पंप खलाशी होता, वणीकडचा. रिटर्नमधून चालताना तो एका ठिकाणी थांबला, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "सायेब, भित्तीले घाम आला. उद्या-परवा घासलेटावानी वास येते, पाहा." भिंतीचं दवणं हे पहिलं लक्षण, वास हे त्याच्या पुढचं. हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि मी ती ओळ वाचलेली होती. पण त्या दमट रिटर्नमध्ये सगळ्याच भिंती मला ओल्या वाटत होत्या. कोणता ओलावा झिरपणाऱ्या पाण्याचा आणि कोणता घाम, हे त्याने माझा हात धरून, भिंतीला लावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी नमुन्याचा आकडा वाढलेला आला आणि तो भाग आम्ही वेळेत सील केला.

हवेचंही तसंच. मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या मधे असला की स्फोट होतो, तो हलका असतो, छताशी जमतो. कार्बन डायऑक्साइड जड असतो, सखल भागात बसतो. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण कॅप लॅम्प विझवून पाच मिनिटं काळोखात बसलात आणि कोणत्या गालाला हवा लागते एवढ्यावर बाहेरची वाट सांगायला लागलं, तर कळतं की इंटेक, ताज्या हवेची आत येणारी वाट, म्हणजे काय. धूर झाला, दिवे निकामी झाले, तर तेवढंच ज्ञान हाताशी उरतं. मी प्रत्येक नव्या पोराला हे करायला लावायचो. पहिल्या वेळी निम्मी मुलं उलटी दिशा सांगायची, आणि ती सगळी पदवीधर असायची.

उष्णतेबद्दल फार लिहीत नाही. वेट बल्ब, म्हणजे ओल्या फडक्याच्या तापमापकाचं तापमान, ३३.५ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही हा नियम आहे. तो नियम का आहे हे कळायला ३२ अंशांत एक पाळी खांब वाहून बघावी, इतकंच.

जगात ही गोष्ट कोणाला सुचली नाही असं नाही. जर्मनीत फ्रायबर्गला १७६५ साली खाणींची अकादमी सुरू झाली. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट तिथे शिकायला आला तेव्हा सकाळी खाणीत आणि दुपारी वर्गात असा त्याचा दिवस होता. त्या विद्यापीठाकडे आजही शिकवण्यासाठी स्वतःची खाण आहे. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या कॅम्बोर्न स्कूल ऑफ माइन्सने १८९० च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी एक खाण ताब्यात घेतली, जी पुढे किंग एडवर्ड नावाने ओळखली गेली. अमेरिकेत कोलोरॅडोची संस्था विद्यार्थ्यांना आयडाहो स्प्रिंग्जच्या एडगर खाणीत नेते, जी एके काळी चांदी-सोन्याची खाण होती. आपल्याकडे बनारसला खाणशास्त्राचं शिक्षण १९२३ ला सुरू झालं, धनबादचं इंडियन स्कूल ऑफ माइन्स १९२६ ला. शंभर वर्षं होत आली. या शंभर वर्षांत हजारो इंजिनियर घडले, त्यांतले कित्येक माझे गुरू आहेत, आणि या संस्थांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्यामुळेच बोलण्याचा हक्कही वाटतो.

आता तुमच्या अडचणी. त्या मला माहीत आहेत, कारण टेबलाच्या पलीकडे मीच बसलेला असायचो. तुमचं पत्र यायचं, ४० मुलं पाठवतो म्हणून. माझ्याकडे उत्पादनाचं लक्ष्य, पाळीला माणसं कमी, आणि मनात एकच धास्ती : यांतल्या एकाला काही झालं तर? मीही मुलांना ट्रेनिंग हॉलमध्ये बसवलं आहे. एका दिवसाची फेरी मारून आणलं आहे आणि दोन आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर सही केली आहे. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लपवलं तर या पत्राला अर्थ उरत नाही. ४० मुलांचा घोळका खाणीत खरोखरच धोक्याचा असतो. पाच मुलं आणि एक सरदार, म्हणजे खाणीतला मुकादम, ही तुकडी धोक्याची नसते. आठ तुकड्या करा, चार-पाच खाणींत वाटा, वर्षाच्या वेगवेगळ्या काळात पाठवा. सगळ्यांना मे महिन्यातच पाठवायचा हट्ट सोडा. मे महिन्यात एकाच वेळी सगळी कॉलेजं दारात उभी राहतात, म्हणून मॅनेजर हात जोडतो.

जबाबदारीचा प्रश्न आहेच. खाणीत उतरण्याआधीचं प्राथमिक प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, विमा, बूट, हेल्मेट, विषारी वायूपासून वाचवणारा सेल्फ रेस्क्यूअर वापरण्याचा सराव, हे सगळं कामगाराचं होतं तसंच विद्यार्थ्याचंही व्हावं. हा करार संस्थेने आणि खाण कंपनीने वरच्या पातळीवर करावा. आज तो एका मॅनेजरच्या मर्जीवर आणि एका प्राध्यापकाच्या ओळखीवर चालतो.

दुसरं उत्तर मला नेहमी मिळतं : आता भूमिगत खाणी राहिल्यातच किती? खरं आहे. २०२४-२५ मध्ये देशाने १०० कोटी टनांहून जास्त कोळसा काढला आणि त्यातला भूमिगत वाटा चार टक्क्यांच्या आसपासच आहे. पण २०३० पर्यंत भूमिगत खाणींतून वर्षाला १० कोटी टन काढायचे असं सरकारनेच ठरवलं आहे, कोळसा सलग कापणारी कंटिन्युअस मायनर यंत्रं येत आहेत, बंद पडलेल्या खाणी पुन्हा उघडण्याची बोलणी चालू आहेत. भंडारा-नागपूरकडच्या मँगनीजच्या खाणींत आजही माणसं खोल उतरतात. छत ओळखणारी आमची पिढी दर महिन्याला निवृत्त होते आहे. दहा वर्षांनी भूमिगत खाणी वाढतील आणि शिकवणारं कोणी नसेल. शिवाय ओपनकास्ट (उघडी खाण) म्हणजे सोपं असंही नाही. २०१६ च्या डिसेंबरात झारखंडमध्ये राजमहलच्या ओपनकास्टमध्ये कडा घसरला आणि २३ जण गाडले गेले. तिथेही आधी भेगा पडतात, आधी पाणी झिरपतं, आणि ते बघायला शिकावं लागतं. ६० पैकी १५ पाळ्या ओपनकास्टला द्या, माझी हरकत नाही.

तिसरं उत्तर नवं आहे : आमच्याकडे व्हर्च्युअल रिॲलिटीची लॅब आली आहे. मी एका ठिकाणी तो चष्मा डोळ्यांना लावून बघितला. गॅलरी छान दिसते, डंपर चालवायचा सराव तर उत्तम होतो. ठेवा ती लॅब, पहिल्या वर्षाच्या मुलांना भीती घालवायला तिचा उपयोग होईल. पण त्या चष्म्यात माझ्या पायाखाली चिखल नव्हता, सब्बलाचं वजन नव्हतं, आणि छताने माझ्याशी एकदाही दगा केला नाही.

मुलींबद्दल मला वेगळं लिहायचं आहे, कारण पत्राची सुरुवात एका मुलीपासून झाली. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखालच्या कामाला बंदी केली होती. २०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने अधिसूचना काढून ती सैल केली : तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत बायकांना भूमिगत खाणीत काम करता येऊ लागलं. त्यांची लेखी संमती आणि तिघींचा तरी गट, अशा अटी घातल्या. २०२१ मध्ये झारखंडच्या चुरी भूमिगत खाणीत आकांक्षा कुमारी रुजू झाल्या. देशातल्या पहिल्या महिला मायनिंग इंजिनियर म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं, त्या डॉ. चंद्राणी प्रसाद वर्मा तर १९९९ साली आपल्या नागपुरातूनच पदवी घेऊन बाहेर पडल्या. असं असताना आज तुमच्या मुलींना प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं जातं, "मॅडम, तुम्ही वरच थांबा, खाली सोय नाही." सोय म्हणजे काय? एक स्वच्छतागृह, कपडे बदलायला एक खोली, मापाचे बूट. माझ्या सहकाऱ्याच्या मुलीला पुरुषांचे नऊ नंबरचे गमबूट दिले होते, त्यातून ती पिट बॉटमच्या पुढे चालू शकली नाही, आणि तेच कारण सांगून सगळ्या मुलींना परत आणलं. सहा नंबरचे बूट बाजारात मिळतात. तिघींचा गट हवा तर तीन मुलींची तुकडी करा, वर्गात मुली आहेत.

आता खाण कुठे, हा प्रश्न. चालू खाणीत सगळ्या मुलांना जागा मिळणार नाही हे मी मान्य करतो. म्हणून माझी दुसरी सूचना : विदर्भात शिकवण्यासाठी एक खाण असावी. नागपूर हे देशाच्या खाणकामाचं घर आहे. भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय इथे, कोळशाच्या आणि मँगनीजच्या सरकारी कंपन्यांची मुख्यालयं इथे, सुरक्षेचं विभागीय कार्यालय इथे, खाण बचाव केंद्र इथे. आणि या गावापासून ३५-४० किलोमीटरवरच्या सावनेरला २०१६ मध्ये पर्यटकांना भूमिगत खाण दाखवायचा उपक्रम सुरू झाला. फार चांगला उपक्रम आहे, लोकांना कळू दे की वीज कुठून येते. पण विचार करा, तिकीट काढून आलेला पर्यटक खाली उतरू शकतो आणि मायनिंगचा विद्यार्थी ट्रेनिंग हॉलमध्ये बसून राहतो.

कोळसा संपत आलेल्या एखाद्या भूमिगत खाणीचा एक छोटा, उथळ, कोरडा भाग निवडावा. हवा खेळती ठेवावी लागेल, पाणी उपसावं लागेल, छताची डागडुजी सतत लागेल. इथल्या कामठी वाळूखडकात पाणी किती असतं ते तुम्हाला सांगायला नको, पंप एक आठवडा बंद राहिला तर खाण बुडते. खर्च मोठा आहे. पण २०१५ पासून प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, खाणींच्या रॉयल्टीबरोबर त्यात पैसा जमा होतो, आणि शिक्षण व कौशल्य विकास या दोन्ही गोष्टी त्या निधीच्या नियमांत बसतात. चंद्रपूर, नागपूर, यवतमाळ या तीन जिल्ह्यांनी आणि कंपन्यांनी मिळून ठरवलं तर हे होण्यासारखं आहे. प्रस्ताव मात्र तुमच्याकडून गेला पाहिजे. माझ्यासारख्या निवृत्त माणसाचं पत्र फायलीत जातं, विभागप्रमुखाचं पत्र टेबलावर येतं.

शिकवणारे कोण, यावर मी सगळ्यांत ठाम आहे. तिथे सरदार, त्यांच्या वरचे ओव्हरमन, ड्रेसर, छताला खांब लावणारे टिंबरमन यांना शिक्षक म्हणून नेमा. निवृत्त झालेले शेकड्यांनी आहेत, बल्लारपूरला, वणीला, उमरेडला, घुग्घुसला. पाहुणा प्राध्यापक जितकं मानधन घेतो तितकं त्यांना द्या, आणि मुलाच्या गुणपत्रिकेवर त्यांची सही घ्या. पाचवी शिकलेला ड्रेसर बी.टेक.च्या मुलाला नापास करू शकला पाहिजे. "या पोराला छत ऐकू येत नाही" असं त्याने लिहिलं, तर त्या मुलाने पुन्हा पाळ्या कराव्यात. माझ्या ड्रेसरच्या हातात तो अधिकार कोणी दिला असता, तर मी १९८८ साली पास झालो नसतो आणि त्याचा पाय शाबूत राहिला असता.

६० पाळ्यांत काय करावं हे तुम्ही मंडळात बसून ठरवाल. माझ्या मनात आहे ते सांगतो. सुरुवातीचे काही दिवस फक्त ड्रेसर आणि टिंबरमनच्या मागे फिरणं, सब्बल हातात घेऊन. मग हवा : वाऱ्याचा वेग, दारं, गॅस, रिटर्नमधून पूर्ण चालत जाणं, एकही कोपरा न सोडता. पुढे सर्व्हेअरबरोबर निदान दहा पाळ्या, कारण नकाशा चुकला की माणसं मरतात. १९७५ च्या २७ डिसेंबरला धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत पाणी घुसून ३७५ जण गेले. पाणी भरलेल्या जुन्या कामांपासून ६० मीटर लांब राहायचं, हा नियम पोरांना पाठ असतो, पण ते ६० मीटर कागदावरचे खरे आहेत की नाहीत याची खात्री सर्व्हेच्या एका एका स्टेशनवर खाली बसून करायची असते. मुलांच्या तुकड्यांना काही रात्रपाळ्या हव्याच, पहाटे तीन वाजता माणसाचं लक्ष कसं उडतं ते कळायला. आणि शेवटी काही दिवस बचाव केंद्रात, श्वसनयंत्र पाठीवर बांधून. १९८९ च्या नोव्हेंबरात राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी भरलं, तेव्हा जसवंतसिंग गिल भोकातून सोडलेल्या लोखंडी कॅप्सूलमध्ये बसून स्वतः खाली उतरले आणि ६५ जणांना एकेक करून वर पाठवलं. ते धनबादला शिकलेले मायनिंग इंजिनियर होते. मुलांना त्यांची गोष्ट तुम्ही सांगतच असाल. ती गोष्ट सांगताना अंगात श्वसनयंत्र असलं तर ती वेगळी कळते.

हे सगळं व्हायला वेळ लागेल. अभ्यासक्रम बदलायला मंडळ, परिषद, विद्यापीठ, दोन-तीन वर्षं सहज जातील. पण एक गोष्ट तुम्ही याच वर्षी करू शकता, त्याला कोणाची परवानगी लागत नाही आणि एक रुपयाही खर्च नाही. जमिनीखाली उतरणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद खाणीला ठेवावीच लागते : कोण, किती वाजता गेला, किती वाजता आला. प्रशिक्षणाच्या अहवालाला त्या नोंदवहीतला उतारा जोडायला सांगा. ज्याच्याकडे उतारा नाही त्याचा अहवाल स्वीकारू नका. पहिल्या वर्षी कदाचित एकही अहवाल जमा होणार नाही. होऊ नये. मग तुम्ही, खाणीचे मॅनेजर आणि मुलं एका टेबलाशी बसाल, आणि त्या बैठकीला बोलावलंत तर मी येईन. माझं वय ६० च्या पुढे आहे, पण गुडघे ठीक आहेत, अजून उतरू शकतो. माझ्याबरोबर चार-पाच जुने सरदार येतील, मी त्यांच्याशी बोललो आहे.

सहकाऱ्याच्या मुलीने तो अहवाल जमा केला नाही. तिचा तो निर्णय ऐकून तिचे वडील माझ्यावर चिडले होते, आता शांत झाले आहेत. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी नव्याने अर्ज लिहिला आहे, एका चालू भूमिगत खाणीत ३० पाळ्या मिळाव्यात म्हणून. खाणीच्या मॅनेजरशी मी बोललो, तो माझ्याच हाताखाली तयार झालेला आहे, हो म्हणाला. तीन जोड बूट मी घेऊन ठेवले आहेत. अर्जावर विभागप्रमुखांची सही हवी आहे. तो अर्ज या आठवड्यात तुमच्यापैकी एकांच्या टेबलावर येईल.

आपला,
एक निवृत्त खाण व्यवस्थापक